‘चेंबर म्युझिक सोसायटी’: आधी खर्ज नीट ऐकू येऊ द्या

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ‘आवाज गोड आहे’ एवढंच मत झालं असेल, तर अर्धा अल्बम ऐकायचा राहिलाय. अल्बम अमेरिकन जॅझ गायिका एस्पेरान्झा स्पॉल्डिंगचा. ती गाते तेवढीच डबल बासवर, म्हणजे उभ्यानं वाजवायच्या मोठ्या, खर्जाच्या तंतुवाद्यावर बोलते. या वाद्याची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला लागते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तो मूळ स्वर निघतच नाही, नुसते वरचे उपस्वर येतात. बरे इअरफोन लावा किंवा मोठे स्पीकर घ्या. स्पीकर कोपऱ्यात सरकवले की खालचे स्वर फुगतात आणि तार छेडल्याचा ठोका त्यात बुडतो. बास-बूस्ट, म्हणजे खर्ज फुगवणारी सेटिंग, बंद ठेवा. आवाज अगदी बारीकही नको, कारण त्या पातळीला कानातून आधी खर्जच निसटतो.

सुरुवात पहिल्या गाण्यापासून नको, ब्राझिलियन संगीतकार जोबिमच्या ‘इनुतिल पायसाजेम’पासून करा. स्पॉल्डिंग आणि ग्रेचेन पार्लाटो यांचे गळे, खाली बास, बाकी जवळजवळ मोकळी जागा. डबल बासला पडदे नसतात. स्वराची जागा डाव्या हातानं अचूक धरायची आणि त्याच वेळी गळ्यातून वेगळी ओळ न्यायची, हे फार अवघड काम आहे. मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला बोट तारेवरून घसरतं ती जागा लगेच सापडेल.

व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो इथे शोभेला आणलेले नाहीत. १९८४ साली पोर्टलंडमध्ये जन्मलेली स्पॉल्डिंग लहानपणी ‘चेंबर म्युझिक सोसायटी ऑफ ओरेगॉन’मध्ये व्हायोलिन वाजवायची; अल्बमचं नाव तिथलं. पंधराव्या वर्षी ती तिथून बाहेर पडली तेव्हा कॉन्सर्टमास्टर, म्हणजे वाद्यवृंदातली प्रमुख व्हायोलिनवादक होती. बास हातात आला तो किशोरवयात. त्यामुळे ‘लिटल फ्लाय’मध्ये इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या कवितेभोवती ही तंतुवाद्यं आतून उमलल्यासारखी येतात. मधल्या एकदोन गाण्यांत मात्र त्यांची वीण दाट होते आणि टेरी लिन कॅरिंग्टनचे नाजूक ड्रम्स झाकले जातात, ते खटकतं.

ऑगस्ट २०१० मध्ये हा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तिला ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’चं ग्रॅमी मिळालं, जॅझ कलाकाराला ते पहिल्यांदाच. ‘नवी’ म्हणायला तोवर ‘हुन्हो’ (२००६) आणि ‘एस्पेरान्झा’ (२००८) येऊन गेले होते! इलेक्ट्रिक बास हवा असेल तर यानंतर २०१२ चा ‘रेडिओ म्युझिक सोसायटी’ घ्या.