'व्हिसा गॅरंटीड' ट्यूलिप टूर

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात युरोप, दर इतरांपेक्षा बराच खाली, आणि वर 'क्युकेनहॉफ ट्यूलिप गार्डनसह'. अशी जाहिरात दिसली की आधी त्या बागेच्या तारखा बघा. नेदरलँड्समधली ही बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते. २०२५ मध्ये ती २० मार्च ते ११ मे अशी होती. आम्हाला दिलेल्या कार्यक्रमात ती ९ मार्चला होती! विचारलं तर एजंट म्हणाला, "ताई, फुलं थोडी मागेपुढे होतात." फुलं होतात हो, पण फाटकही बंद असतं त्याचं काय?

मग 'स्लॉट चार्ज' निघाला. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या अपॉइंटमेंट फुल आहेत, आमची आतून ओळख आहे, म्हणून माणशी आठ हजार, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. पावती शेवटपर्यंत 'पाठवतोच' राहिली. व्हिसा फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. 'आतून' मिळणारा स्लॉट नावाचा खर्च कुठल्याही अधिकृत यादीत नाही.

पैशांपेक्षा महाग पडली ती फाइल. आमचा बेत स्वित्झर्लंड पाच रात्री, पॅरिस तीन आणि ॲमस्टरडॅम दोन असा होता. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा हा नियम. म्हणजे आमचा अर्ज स्वित्झर्लंडकडे जायला हवा होता. एजंटला नेदरलँड्सच्या अपॉइंटमेंट मिळत होत्या, म्हणून यानं कागदावर ॲमस्टरडॅमच्या सात रात्री केल्या. सह्या आधीच घेतल्या होत्या, फॉर्म नंतर भरला. फाइल हातात पडली ती मुंबईला, बोटांचे ठसे द्यायला रांगेत उभं असताना. फोन केला तर, "सगळे असंच करतात, काउंटरवर काही बोलू नका." सासूबाई सासऱ्यांकडे बघत होत्या, सासरे फाइलकडे.

नकार आला. कारण: दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. मी हॉटेलला ईमेल केला तेव्हा कळलं, बुकिंग फुकट रद्द होणारं होतं आणि अर्ज दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द केलं होतं.

एजंटच्या लेखी विषय संपला. 'व्हिसा देणं दूतावासाच्या हातात'. मग गॅरंटी कसली विकली? नोंद मात्र आमच्या नावावर राहिली. शेंगेनच्या व्हिसा प्रणालीत ती पाच वर्षं असते, आणि ब्रिटनच्या फॉर्मवरही 'पूर्वी व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न असतोच. सत्तरीच्या माणसांना आता तिथे 'हो' लिहायचंय.

वसंतात निघायचं असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ सुद्धा. 'आता नाही तर कधीच नाही' ही घाई एजंटची असते. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. फाइल आदल्या दिवशी घरी मागा आणि त्यातल्या प्रत्येक हॉटेलला स्वतः विचारा. विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोचं आहे का, तेही बघा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक हेल्पलाइनसाठी १९१५. व्हॉट्सॅपवरचं एजंटचं बोलणं मात्र आधी सेव्ह करून ठेवा. आमच्या माणसानं अर्धे मेसेज डिलीट केले होते.