शंकरनगरचा डिबेट क्लास: पोरं इथे खरंच उत्तर द्यायला शिकतात

मुलगी अकरावीत आहे, तिला शंकरनगर चौकाजवळच्या एका डिबेट आणि कम्युनिकेशनच्या क्लासला टाकलं होतं, बॅच आत्ताच संपली. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या पाट्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत पण आत नेमकं काय शिकवतात ते कोणी धड सांगत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा म्हणजे पाठांतर. भाषण कोणीतरी लिहून देतं, पोरगं हातवारे करून म्हणतं, बक्षीस घेतं, आणि कोणी एक साधा प्रश्न विचारला की गप्प. इथे लिहिलेलं भाषण आणूच देत नाहीत. ब्रिटिश पार्लमेंटरी फॉरमॅट आहे, म्हणजे दोघादोघांच्या चार टीम, मोशन म्हणजे वादाचा विषय कळला की 15 मिनिटं तयारी, मग प्रत्येकाने 7 मिनिटं बोलायचं, पहिलं नि शेवटचं मिनिट सोडून मधे समोरचा उभा राहून पॉइंट, म्हणजे प्रश्न किंवा आक्षेप घ्यायची परवानगी, मागू शकतो. घ्यायचा की नाही ते बोलणाऱ्याने ठरवायचं, पण एकही घेतला नाही तर सर नंतर विचारतातच, का घाबरलास म्हणून.

मला सगळ्यात आवडला तो खोडून काढायचा सराव. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दात मांडायचा, तो "हो, हेच म्हणायचं होतं" बोलला की मगच पुढे. बाजू चिठ्ठीने ठरते. मुलीला वेगळ्या विदर्भाच्या विरोधातली आली, आणि आमच्या घरी आजोबांपासून सगळे कट्टर विदर्भवादी! थीम आधी सांगितली होती त्यामुळे तिने वाचून मॅटर फाईल, म्हणजे मुद्द्यांच्या नोट्स, केलेली. समोरच्यांनी राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाची वेगळ्या विदर्भाची 1955 ची शिफारस काढली. तिने ती नीट मांडली, मग म्हणाली, आयोगाने तेव्हाच्या जमाखर्चावर विदर्भ चालेल असं म्हटलं, आजचा हिशोब कुठे आहे? आणि 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाट्याचा दिलेला शब्द पाळला नसेल तर तो पाळायला लावायचा, राज्य तोडणं हाच उपाय कसा? फायनल राउंड पालकांना बघू देतात, आजोबा तिथे गप्प बसले पण रात्री जेवताना तिच्याशी तासभर भांडले, आणि ती न चिडता उत्तरं देत होती.

इंटरव्ह्यू आणि ग्रुप डिस्कशनचा भाग मात्र कच्चा आहे, स्पष्ट सांगते. मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्यांची तयारी म्हणून "टेल मी अबाउट युवरसेल्फ"चं रेडिमेड उत्तर सगळ्यांना एकच दिलं. अहो, मग डिबेटला जे पाठांतर सोडवलं तेच इथे परत चालू झालं ना? ईमेल लिहिणं तर एका लेक्चरमध्ये उरकलं.

मराठी मीडियमच्या पोरांचा मुद्दा पण महत्त्वाचा. राउंड बहुतेक इंग्रजीत. बॅचमध्ये उमरेडकडचा एक मुलगा होता, इंग्रजीत अडखळायचा, एकदा सरांनी त्याला मराठीत बोलू दिलं तर त्याने समोरच्या टीमची अक्षरशः बोलती बंद केली. असे राउंड रेग्युलर ठेवा, इंग्रजी येतंच नंतर, डोकं आधी चाललं पाहिजे.

बाकी गाडी लावायला जागा अजिबात नाही, शंकरनगर मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जा. डिबेटसाठी बिनधास्त पाठवा. फक्त इंटरव्ह्यूसाठी पाहिजे असेल तर आधी डेमोला बसून बघा आणि बॅचमध्ये किती पोरं घेणार ते विचारून घ्या, कारण आमच्या बॅचला शेवटी गर्दी झाली आणि सगळ्यांना बोलायचा नंबरच लागत नव्हता.