फोंताइन्हास: भिंतीचा रंग बघताना नजर खालीही ठेवा

पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीजकालीन वस्तीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पिवळी भिंत, पांढरी पट्टी, निळी खिडकी. फोटोत सहसा न येणारा भाग जमिनीपासून हात-दोन हातांवर असतो. तिथला गिलावा बघितला की कुठलं घर सांभाळलंय आणि कुठलं नुसतं रंगवलंय ते लगेच कळतं.

गाडी आत घालू नका, गल्ल्या अरुंद आहेत. कदंब बसस्थानकाच्या बाजूला, पाट्टोला ठेवा आणि ओरेम खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत या. दहाएक मिनिटं लागतात. वेळ सकाळी सात ते नऊ. तेव्हा पोदेर (पाववाला) पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, घेऊन सायकलवरून फिरत असतो आणि लग्नाआधीच्या फोटोंवाली मंडळी अजून मेकअपमध्ये असतात. दुपारी एक ते चार अर्धी दुकानं झोपलेली.

आता भिंती. घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो, आणि शेजारी भरती-ओहोटीची खाडी असल्यामुळे त्या पाण्यात मीठही असतं. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो. त्यावरचा चुन्यात कालवलेला रंग पावसात धुपतो, म्हणून पावसाळा सरला की नवा हात मारायची इथली जुनी रीत. चुन्याच्या जागी सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट लावलं की ओल आत कोंडते आणि वाट शोधत आणखी वर चढते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, पोपड्यामागे पांढरा लोणा (मिठाचा थर) दिसतो आणि चिऱ्याचा लालसर भुगा खाली पडायला लागतो. (बोट लावून बघू नका, आत माणसं राहतात.) दुरुस्तीसाठी आधी सगळं सिमेंट खरवडावं लागतं. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, पातळ थर, आणि आठवडाभर तरी पाणी मारत राहायचं. घाईनं सुकला की चुना तडकतो. एवढी मेहनत नको म्हणून पुन्हा सिमेंटच थापलं जातं, आणि पुन्हा तेच.

वर बघाल तर काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. लाकडी चौकटीत बसवलेले पातळ, चौकोनी कापलेले शिंपले. आत दुधी उजेड येतो, झळ येत नाही.

गाइडच्या एका गोष्टीवर मात्र विश्वास ठेवू नका. इथल्या ३१ जानेवारी रस्त्याचं नाव पोर्तुगाल स्पेनपासून मोकळा झाला त्या दिवसावरून पडलं, असं सर्रास सांगतात. तो दिवस १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी हा १८९१ मधल्या पोर्तोच्या प्रजासत्ताकवादी उठावाचा दिवस, आणि पोर्तुगालमध्ये या नावाचे रस्ते त्याच्याच आठवणीचे आहेत.

सेंट सेबास्टियन चॅपेल बाहेरून साधं आहे, पण आतला क्रूस चुकवू नये. तो मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. दार बहुतेक वेळा बंदच असतं, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळेच्या आसपास जा. फोंताइन्हासला नाव देणारा झरा मळा या भागाकडच्या टोकाला आहे, तिथवर फारसं कुणी जात नाही. टेकडीवरच्या मारुतीच्या पायऱ्या चढलात तर कौलांचा सगळा पसारा एका नजरेत दिसतो.

राहायचं असेल तर जुन्या घरातली खोली एका रात्रीसाठी छान, तीन रात्रींसाठी विचार करा. लाकडी तक्तपोशीवरून वरच्याचं प्रत्येक पाऊल ऐकू येतं, जिने उभे असतात आणि बाथरूम मागाहून कोपऱ्यात बसवलेलं. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: खिडकी रस्त्यावर उघडते का, खोली कितव्या मजल्यावर, सामान वर कोण नेणार. दारावर 'फोटो काढू नका' अशी पाटी असेल तर ती पाळा; पायरीवर बसून पोज देणाऱ्यांना रहिवासी कंटाळलेत. जुलैत येणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी घेत नाही, ते गल्लीत साचतं, आणि तळमजल्याची खोली स्वस्त का होती ते तेव्हा समजतं.