जुना एसी: दुरुस्त करावा की बदलावा?

एसीने दहावे वर्ष ओलांडले की पहिल्याच बिघाडाला ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. पण नुसत्या वयावर हा निर्णय घेऊ नये. आधी पाहायचे ते एवढेच, की बिघाड गॅस फिरतो त्या बंद चक्राच्या आत आहे की बाहेर. कॉम्प्रेसर, इनडोअर आणि आउटडोअर कॉईल, त्यांना जोडणारे पाइप, गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह एवढे त्या चक्रात येते. पंखे, मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर, सेन्सर, पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, ड्रेन पाइप बाहेरचे. बाहेरचा बिघाड बारा वर्षांच्या यंत्रातही दुरुस्त करण्याजोगा असतो. आतला बिघाड मात्र सात वर्षांच्या यंत्रालाही मोडीत काढायला लावू शकतो.

बिघाड बाहेरचा असेल तर

इथे दुरुस्तीच करावी, फारसा विचार करण्याचे कारण नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि काही सेकंदांत बंद पडतो, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. त्याचे डोके फुगलेले असेल तर मोजायचीही गरज नाही. तसे नसेल तर मीटरवर तपासावा: छापील आकड्यापेक्षा ५–६ टक्क्यांहून जास्त घसरण असेल तर तो बदलायचा. म्हणजे ४५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० दाखवू लागला की त्याचे काम संपले. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज रेटिंग तेवढे किंवा जास्त चालते. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक असतो, म्हणून हा भार उतरवल्याशिवाय कपॅसिटरला हात लावू नये.

आउटडोअर पंख्याची मोटर थांबली की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर तापून स्वतःला बंद करून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, कॉम्प्रेसर गेला. याच अवस्थेत घाईने मोजमाप केले तर आणखी फसगत होते. साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला कॉमन, स्टार्ट आणि रन अशी तीन टोके असतात. स्टार्ट आणि रनमधला रोध (रेझिस्टन्स) हा उरलेल्या दोन रोधांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरचे तारेचे वेटोळे, सलग आहे. पण आतला ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा स्विच, उघडलेला असेल तर स्टार्ट-रन रोध दिसतो आणि कॉमनपासून काहीच दिसत नाही. असे दिसले तर कॉम्प्रेसर पूर्ण गार होऊ द्यावा, एक-दोन तास थांबावे आणि पुन्हा मोजावे. चांगले कॉम्प्रेसर या एका चुकीपायी मेलेले ठरवले जातात. कोणतेही टोक आणि कॉम्प्रेसरची धातूची कवची यांच्यात जोड दिसला, तर मात्र तो खरोखरच जळलेला आहे.

इन्व्हर्टर एसीत पीसीबी हा बाहेरच्या भागांतला सर्वांत महाग भाग. तो बदलण्याआधी त्याच मॉडेलचा बोर्ड मिळतो का, आणि बोर्ड कशामुळे गेला, ही दोन उत्तरे हवीत. पंख्याची मोटर आतून शॉर्ट असेल किंवा घरातला विजेचा दाब सतत वरखाली होत असेल, तर नवा बोर्डही जाईल.

गॅस ‘संपला’ म्हणजे काय?

गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. त्यामुळे गळती न शोधता गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या बिघाडाचा हप्ता आहे.

गळती कुठे आहे यावर इथली सगळी तुलना उभी राहते. फ्लेअर नटाच्या (पाइपाचे पसरट केलेले टोक आवळणाऱ्या नटाच्या) जोडावर साबणाचा फेस बुडबुडे देत असेल तर काम सोपे आहे: पाइपाचे टोक नव्याने फ्लेअर करून घट्ट करायचे. इनडोअर कॉईलला सूक्ष्म छिद्रे पडली असतील तर प्रकरण वेगळे. घरातल्या हवेतल्या काही बाष्पांपासून तयार होणारी फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्ले तांब्याला आतून वारुळासारखी पोखरतात. एक छिद्र बुजवले तरी शेजारी दुसरे तयार होतच असते. अशी कॉईल डागडुजी करून चालवू नये. पूर्ण बदलावी किंवा एसीच बदलावा. ॲल्युमिनियमच्या कॉईलवर डाग देणे तांब्याहून अवघड असते, आणि तो डाग टिकेल याची खात्री कमी.

गळती बुजवल्यावरचे काम क्रमाने झाले पाहिजे. कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन तो टिकतो का पाहणे, व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (निर्वाताचे माप) खाली निर्वात करणे, आणि मग यंत्राच्या पाटीवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरणे. ‘प्रेशर बघून’ भरलेला गॅस बहुधा कमी किंवा जास्तच असतो.

गॅस कोणता, हे पाटीवर वाचा

१९८७ च्या माँट्रियल करारानुसार जुन्या एसींतला आर-२२ हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे: विकसित देशांत २०२० पर्यंत तो जवळपास थांबला, विकसनशील देशांसाठी मुदत २०३० आहे. आर-२२ च्या यंत्रात चक्राच्या आतला मोठा बिघाड झाला, तर आमचे मत स्पष्ट आहे, बदला. त्यात आर-४१०ए किंवा आर-३२ हे नंतरचे गॅस भरता येत नाहीत; त्यांचा दाब सुमारे दीडपट आणि लागणारे तेलही वेगळे. आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ भरण्याचा प्रकारही टाळावा, कारण आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि जुने यंत्र त्यासाठी बनलेले नसते.

कॉम्प्रेसर गेला तर

इथे दोन्ही बाजूंचा हिशेब खरोखर मांडावा लागतो. पहिली गोष्ट वॉरंटी कार्ड: कॉम्प्रेसरची वॉरंटी अनेकदा बाकी यंत्राहून बरीच लांब असते. ती चालू असेल तर दुरुस्तीचे पारडे जड होते, मात्र गॅस, मजुरी आणि ने-आण त्यात धरली आहे का, ते वाचावे.

वॉरंटी संपली असेल तर केवळ कॉम्प्रेसरची किंमत पाहू नये. वाइंडिंग जळून बंद पडलेल्या कॉम्प्रेसरचे तेल काळे आणि आम्लयुक्त होते. पाइप आणि कॉईल धुतल्याशिवाय, नवा फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) बसवल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर जोडला तर तेच आम्ल त्याचेही वाइंडिंग खाते. हे सगळे धरून खर्च नव्या एसीच्या बसवणुकीसह एकूण किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जात असेल आणि यंत्र आठ वर्षांपुढचे असेल, तर बदलावे.

विजेची बचत: किती वापरता त्यावर

नव्या एसीची बाजू इथे भक्कम होते, पण सर्वांसाठी नाही. दीड टनाचा जुना साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना १.८ किलोवॉट घेतो असे धरू. आठ तासांपैकी कॉम्प्रेसर सहा तास चालला तर १०.८ युनिट. तेवढीच उष्णता चांगला इन्व्हर्टर एसी साधारण ६.५–७ युनिटांत बाहेर काढतो. रोज सुमारे ४ युनिटांची बचत. वर्षाला १२० दिवस वापर असेल तर जवळपास ४८० युनिट, ३० दिवसच असेल तर १२०. या युनिटांना तुमच्या वीजदराने गुणा. मग नव्या एसीचा एकूण खर्च वजा दुरुस्तीचा खर्च, याला त्या बचतीने भागा. येईल तितक्या वर्षांत पैसे वसूल. पाहुण्यांच्या खोलीतल्या एसीसाठी हे उत्तर बहुधा दुरुस्तीच्या बाजूने जाते.

आपला एसी किती वीज घेतो, ते मीटरवरच कळते. घरातले बाकी सगळे बंद करून मीटरचा दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे छापले असेल आणि ९६ वेळा लुकलुकला, तर खप १.८ किलोवॉट. ही मोजणी कॉईल आणि फिल्टर धुतल्यावर करा, कारण मळलेली आउटडोअर कॉईल चांगल्या यंत्रालाही खादाड बनवते. पंधरा-वीस मिनिटे पूर्ण क्षमतेने चालल्यावर आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्यात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळत असेल, तर यंत्राची थंडी अजून शाबूत आहे.

बदलायचे ठरले तर

एकटे आउटडोअर युनिट नवे आणि इनडोअर जुने अशी जोडी लावू नये. कॉईलचा आकार, गॅस आणि बोर्ड जुळत नाहीत. आर-२२ च्या जुन्या पाइपांत खनिज तेल राहते, म्हणून पाइपही नवे घ्यावेत. गळणाऱ्या जुन्या एसीचा गॅस आउटडोअरमध्ये ओढून साठवण्याचा, म्हणजे पंप-डाउनचा, आग्रह धरू नये: गळतीतून हवा आत शिरली तर तेल आणि हवेचे मिश्रण दाबाखाली पेट घेऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. नवा एसी बसवताना व्हॅक्यूम पंप आणला आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारावे. पंपाऐवजी थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून दिली तर ओलावा आतच राहतो, आणि तोच पुढे तेलात आम्ल तयार करतो.