भाड्यासाठी फ्लॅट: गृहकर्ज काढावं की राहतं घर तारण ठेवावं?

कोल्हापुरात भाड्याने द्यायला फ्लॅट घेताना बहुतेकांपुढे दोन मार्ग असतात: त्याच फ्लॅटवर गृहकर्ज, नाहीतर पेठेतलं वडिलोपार्जित घर तारण ठेवून कर्ज. पतसंस्था ओळखीवर लवकर देते, पण व्याज पाहता २०-३० लाखांसाठी तिकडे जाऊच नये.

४० लाखांचा टू बीएचके, ३० लाख कर्ज धरू. गृहकर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचं असेल, तर हप्ता सुमारे २६,००० रुपये. तारण कर्जाला व्याज जास्त, मुदत कमी. १०.५ टक्के आणि १५ वर्षं धरली तर हप्ता ३३,००० च्या वर जातो. भाडं १२,००० आलं, तर पदरचे दरमहा १४,००० किंवा २१,००० घालायचे. तेही बाराही महिने भाडेकरू असेल तर. विद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थ्यांना जागा देणाऱ्यांनी उन्हाळ्याची सुट्टी हिशोबात धरावीच.

तारण कर्जाचा मोह का पडतो, तेही खरं आहे. गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल तर घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्केच मिळतात, स्टॅम्प ड्युटी वेगळी. घर मोठं असेल तर तारणावर सगळीच रक्कम उभी राहते. शिवाय नव्या फ्लॅटचे कागद बँक फारसे बघत नाही. मला धोका दिसतो तो इथेच. गृहकर्ज देताना बँकेचा वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतो, मंजूर नकाशा मागतो. ज्या फ्लॅटला दोन बँकांनी नकार दिलाय, तो तारणाच्या पैशातून घेऊ नका.

आणि हप्ते थकले तर? तीन महिन्यांत खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायला बँकेला मुभा देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. गृहकर्जात बँक आधी भाड्याच्या फ्लॅटवर येईल, तारण कर्जात आईवडील राहतात त्या घरावर. माझा कौल गृहकर्जाला आहे तो यासाठी.

करात मात्र फारसा फरक नाही. पैसे घर घ्यायलाच वापरल्याचा पुरावा असेल, तर दोन्हीकडे व्याजाची वजावट मिळते. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा (म्हणजे भाड्यापेक्षा व्याज जितकं जास्त तितका) वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. करबचत धरूनच हप्ता परवडत असेल, तर आधी आपली प्रणाली कोणती ते बघा.

जागा बघताना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागात तळमजला घ्यायचा असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि पुराचं संरक्षण असलेला विमा घ्या. भाडेकरू गेला तरी हप्ता थांबत नाही, म्हणून सहा हप्त्यांची रक्कम बाजूला हवी.

बँकेच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. ऊसबिल आलं, बोनस मिळाला की मुद्दलात भरा. राहत्या घराच्या कर्जात मुदत कमी करावी, पण इथे बँकेला हप्ता कमी करायला सांगा, भाडं आणि हप्ता जुळेपर्यंत.