ग्रास पोर्टल: मेट्रोचा पैसा दिसतच नाही

पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क ग्रासवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर, भरणं सोपं आहे. विभाग, जिल्हा, दुय्यम निबंधक कार्यालय निवडा, दोन्ही पक्षकारांची नावं टाका, चलन तयार. नाव दस्तातल्यासारखंच हवं. चुकलं तर नोंदणीच्या टेबलावर अडतं आणि परताव्याचे हेलपाटे सुरू. खटकतं ते वेगळंच. २०२२ पासून शहरात मेट्रो अधिभार १ टक्का. ६० लाखांच्या फ्लॅटवर हा अधिभार धरून एकूण ७ टक्क्यांनी ४,२०,००० रुपये. त्यात मेट्रोचे ६०,०००. चलनावर मात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी (इथे ३०,०००) एवढेच दोन आकडे. शहराच्या कडेच्या धायरीकरालाही तेवढाच भुर्दंड, मेट्रो दारात नसली तरी! रेडीरेकनरचं (सरकारी दराचं) मूल्य करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर हिशोब त्यावर धरा.