१:६ सेंच्युरियन, स्क्रॅचबिल्ड: ८ महिने, ४१ तास आणि २१६ पिना

२६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि मंडळाची पोरं म्हणाली, दादा, एक चक्कर होऊ दे. मैदान मुरमाचं, गर्दी बेताची. माझा रिमोटवर चालणारा सेंच्युरियन रणगाडा सरळ गेला, उलटा आला, तोफ वर-खाली करून झाली. मग जागेवर वळवायला घेतला आणि डाव्या बाजूने टक् असा बारीक आवाज आला. पट्टा स्प्रॉकेटवरून, म्हणजे तो फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून, उतरला. रणगाडा हातभर पुढे सरकला तसा तो मागे मुरमावर लांब पडून राहिला. ७८ किलोचं धूड शेवटी तालमीतल्या चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. घरी आणून पट्ट्याच्या कड्या जोडणारी, मोडलेली पीन हातात घेतली आणि ठरवलं की या रणगाड्याबद्दल लिहायचं तर आधी पिनांबद्दल लिहायचं.

वैशिष्ट्यं थोडक्यात उरकतो. सेंच्युरियन काय होता हे या छंदातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाकिस्तानबरोबरच्या युद्धांत भारताने लढवलेला ब्रिटिश रणगाडा: १९६५ ला फिल्लोऱ्याची लढाई, १९७१ ला बसंतरची. १६ डिसेंबरला परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल ज्यातून शेवटपर्यंत लढले तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा सेंच्युरियनच. माझं मॉडेल १:६ चं, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश, आणि स्क्रॅचबिल्ड, म्हणजे तयार किट न घेता स्वतः बांधलेलं. तोफ सोडून लांबी सव्वा मीटर, रुंदी ५६ सेंमी. बॉडी १६ गेजच्या साध्या पोलादी (एमएस) पत्र्याची. २४ व्होल्ट २५० वॅटच्या दोन गिअरवाल्या मोटरी, १२ व्होल्ट १८ अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलचा रिमोट. बांधायला दोन वर्षं लागली. वटपौर्णिमेच्या आठवड्यात पहिल्यांदा चालवला आणि तेव्हापासून प्रत्येक फेरीची वहीत नोंद आहे. एकूण ४१ तास.

आधी समाधानाची गोष्ट. सस्पेन्शन. खऱ्या सेंच्युरियनला हॉर्स्टमन सस्पेन्शन आहे: एका बाजूला तीन बोगी, म्हणजे चाकांचे सुटे संच, प्रत्येक बोगीवर चाकांच्या दोन जोड्या आणि मध्ये आडव्या स्प्रिंगा. टॉर्शन बारवाला, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवर चाकं तोलणारा, रणगाडा घेतला असता तर बॉडीच्या तळातून आडव्या दांड्या घालाव्या लागल्या असत्या आणि बॅटऱ्यांची जागा गेली असती. इथे पूर्ण बोगी बाहेरून चार बोल्टवर बसते. बिघडली तर काढा, टेबलावर घ्या, दुरुस्त करा, परत लावा. स्प्रिंगा मोटरसायकलच्या क्लचच्या घातल्या. पहिल्यांदा विटांवरून नेला तेव्हा चाकं एकामागून एक वर उचलली गेली आणि बॉडी जवळजवळ सपाट राहिली. ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आठ महिन्यांत एकही स्प्रिंग बदललेली नाही.

मोटरींचं मत मात्र मला बदलावं लागलं. खऱ्याचा वेग ताशी ३५ किमीच्या आतला, म्हणजे १:६ ला साधारण ५.८ किमी, माणसाच्या चालण्याइतका. माझ्या मोटरी मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात, म्हणून स्प्रॉकेट थेट शाफ्टवर बसवला. हिशोबाने वेग बरोबर जुळत होता आणि जुळलाही. पण सरळ जाणारा रणगाडा वळेना. पट्ट्यांवरची गाडी वळते म्हणजे जमिनीला टेकलेला पूर्ण पट्टा आडवा घासत जातो. त्याला लागणारा जोर सरळ जाण्यापेक्षा कितीतरी जास्त. गवतावर तर मोटरी नुसत्या हुंकारायच्या. त्यातच दुसऱ्या महिन्यात मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरींना वीज सोडणारं सर्किट, जळाला. ऑनलाइन घेतलेला, त्यावर ४३ अँपिअर छापलेलं. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘चुकीच्या वापरामुळे’. तीन वेळा फोटो पाठवले, मोटरीची माहिती पाठवली, पैसे आले नाहीत. अठराशे रुपये गेले आणि मला अजून त्याचा राग आहे. छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर विश्वास ठेवा, एवढंच सांगतो. नंतर सायकलची चेन घालून मध्ये २:१ रिडक्शन केलं. वेग निम्मा झाला आणि रणगाडा जागेवर वळायला लागला. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, वेगाचा नाद सोडा, जोर घ्या. खऱ्याचं ५२ टनांचं धूड धावत नसतं, रेटत असतं.

आता पिना.

पट्ट्याच्या कड्या ॲल्युमिनिअमच्या, सँड कास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या. साच्यासाठीचा नमुना (पॅटर्न) मी स्वतः सागवानाचा केला, खऱ्याच्या २४ इंच रुंदीला सहाने भागून १०२ मिमी. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर २३ मिमी. एका बाजूला १०८ कड्या, दोन्ही मिळून २१६. एका छोट्या फाउंड्रीतून २६० ओतून घेतल्या. त्यातल्या चाळीसेक कड्यांत हवेची भोकं निघाली आणि ‘एवढं चालतंय की’ असं ऐकून घ्यावं लागलं. भोकं पाडायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी जिग, म्हणजे कडी नेमक्या जागी धरणारा साचा, करून दिलं. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, “पीन कितीची घालणार?” मी म्हटलं, “सायकलचा स्पोक, २ मिमी.” ते थांबले, स्पोक बोटांनी वाकवून बघितला आणि म्हणाले, “तीनची घाल. पैसं वाचवायची जागा ही न्हवं.”

मी ऐकलं नाही, कारण हिशोब फार सुंदर जमत होता. एका स्पोकमधून दोन पिना निघतात. २१६ पिनांना १०८ स्पोक, म्हणजे ३६ स्पोकच्या चाकाचे बरोबर तीन संच. पाच रुपयांना एक धरून ५४० रुपयांत काम झालं. ३ मिमीच्या सिल्व्हर स्टीलच्या, म्हणजे कडक गुळगुळीत पोलादी सळीच्या, पिनांना तीन हजारांच्या वर सांगितले होते. अडीच हजार वाचवले याचा मला सात महिने अभिमान होता.

गणपतीत मंडळाच्या देखाव्यात रणगाडा दहा रात्री स्टेजवर फिरला, प्लायवूडवर अंथरलेल्या मॅटवरून. काही झालं नाही. दसऱ्यानंतर मात्र पट्टा सैल वाटायला लागला. सेंच्युरियनला स्प्रॉकेट मागे आणि ताण देणारं आयडलर चाक पुढे. मी आयडलर पुढे सरकवला. पंधरा दिवसांनी परत सैल, परत सरकवला. पट्टा झाकणारे बाजूचे पत्रे, स्कर्ट प्लेट्स, लावलेले असायचे, त्यामुळे वरचा पट्टा किती लोंबतोय ते दिसतच नव्हतं. दिवाळीत वळताना कट्-कट् आवाज यायला लागला. मला वाटलं स्प्रॉकेटचे दात चुकलेत. दात कानशीने घासले. जे बरोबर होतं तेच मी खराब केलं.

इथपर्यंतचं प्रजासत्ताक दिनानंतरच्या आठवड्यात लिहिलं होतं. तेव्हा माझा निष्कर्ष असा होता: दोष स्पोकचा, मामा बरोबर, विषय संपला. त्यानंतर डावा पट्टा पूर्ण सोडवून मोजला आणि माझं मत बदललं. वरचं खोडत नाही, पण पुढचं वाचल्याशिवाय कुणी त्यावर जाऊ नये.

मी नोकरीत दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हातात घेऊन बसतो, तरी हे साधं मोजमाप आठ महिने केलं नव्हतं याची मला खरंच खंत आहे. मोजमाप असं: दहा कड्या सपाट टेबलावर ताणून धरायच्या आणि लांबी घ्यायची. नवीन असताना २३० मिमी होती. आता २३३.२. म्हणजे एका सांध्यात ०.३२ मिमी वाढ. कागदाच्या तीन-चार पानांइतकी जाडी, हाताला जाणवतसुद्धा नाही. पण १०८ सांधे आहेत. ०.३२ गुणिले १०८ म्हणजे साडेचौतीस मिमी, म्हणजे दीड कडी. पट्टा दीड कडीने लांब झाला होता आणि मी आयडलर पुढे ढकलून तो झाकत होतो. त्याहून वाईट म्हणजे आयडलर सरकवून लांबी भरून निघते, कडी-कडीतलं अंतर नाही. स्प्रॉकेटचे दात २३ मिमीच्या हिशोबाने कापलेले, पट्टा आला २३.३२ वर. दात कडीच्या मधोमध न बसता कडेवर चढायला लागले. तोच तो कट्-कट् आवाज.

मग झीज कुठे झाली ते बघितलं. मोडलेली पीन क्रँकशाफ्टसारखी पायऱ्या-पायऱ्यांची झाली होती, ती वाकून वाकून तुटली. पण बाकीच्या बहुतेक पिना १.९५ च्या आसपास होत्या, म्हणजे स्पोकने फारसं काही गमावलं नव्हतं. भोकं मात्र २.१ ची २.३५ झाली होती, गोल नव्हे, लांबट. झिजलं होतं ॲल्युमिनिअम.

आणि ते झिजवलं मी. दर रविवारी प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचो. मोठ्या काळजीने, घड्याळात वेळ लावून, पाऊण तास. त्या तेलात मुरमाची धूळ बसली. काढलेल्या पिनांवर जो काळा-तांबूस लगदा होता तो दोन बोटांत चोळून बघितला, व्हॉल्व्ह बसवायच्या ग्राइंडिंग पेस्टसारखा चरचरला. रबराची मॅट असलेल्या स्टेजवर दहा रात्री काही झालं नाही आणि मैदानावर तीन महिन्यांत पट्टा संपला, त्याचं कारण हे.

ताकद कमी पडली म्हणून पीन मोडली हे अर्धं खरं. भोक मोठं झालं, पिनेला हलायला जागा मिळाली, ती प्रत्येक वळणावर थोडी वाकायला लागली आणि थकून गेली.

सैनिक टाकळीचे माझे काका, मावशीचे यजमान, लष्कराची यंत्रं-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या ईएमईतून निवृत्त झालेत. फोनवर सगळं सांगितलं. मी बोलत होतो तोपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेल कोणी घालायला सांगितलं तुला? ट्रॅकच्या पिना कोरड्या असतात. आणि पट्टा सैल झाला की थोडा ताण द्यायचा, ताण संपत आला की एक कडी काढायची. किती काढल्या ते लिहून ठेवायचं. ठरलेल्या संख्येच्या खाली गेला की पट्टा बदलायचा.” मला हे कुठल्याच मॉडेलवाल्याने सांगितलं नव्हतं. खऱ्या सेंच्युरियनच्या कड्या मँगनीज स्टीलच्या असायच्या. हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेला हा धातू ठोके खाऊन पृष्ठभागावर आणखी कडक होत जातो, म्हणून कोरडाही टिकतो. ॲल्युमिनिअमला ती देणगी नाही. कोल्हापुरात राहून, अर्धं गाव ओतकामावर जगत असताना मी कड्यांचा धातू फक्त वजन बघून निवडला होता.

एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट ओतीव लोखंडात, परत ओतून घ्यायचा विचार दोन दिवस केला. घनता ॲल्युमिनिअमच्या अडीचपटीहून थोडी जास्त. आत्ता दोन्ही पट्टे मिळून १० किलो आहेत ते २६ होतील. वजनाची मला भीती नाही. ५२ टनांना सहाच्या घनाने, म्हणजे २१६ ने भागलं की २४० किलो येतात, मी तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहे. पण मोटरींची आत्ताच दमछाक होते आणि ओतकामाचा खर्च नव्याने करायची माझी ऐपत नाही. म्हणून मधला मार्ग: कड्या त्याच, भोकं रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) ३ मिमीला गोल, पिना ३ मिमी सिल्व्हर स्टीलच्या. पिनेचा व्यास वाढला की तोच ताण भोकाच्या जास्त जागेवर पसरतो, ॲल्युमिनिअम सावकाश झिजतं. भोकं रीमर करताना कडी जिगमध्ये बाहेरच्या कडांवर धरा. भोकाच्या आधाराने धरली तर रीमर लांबट भोकाच्या मागे जातो आणि चुकलेलं अंतर तसंच राहतं. पहिल्या सहा कड्या मी अशाच वाया घालवल्या. मामांनी यावेळी मजुरी घेतली नाही, फक्त रीमर माझ्याकडून आणवला.

रिमोटबद्दल एक गोष्ट राहिली, ती सुरक्षेची आहे म्हणून सांगतो. रिसीव्हर पत्र्याच्या बॉडीच्या आत ठेवला तर तीस पावलांवर सिग्नल तुटायचा. पत्र्याचा डबा २.४ गिगाहर्ट्झ अडवतो. अँटेनाची टोकं कमांडरच्या झाकणातून बाहेर काढली, तेव्हापासून पूर्ण मैदान मिळतं. आणि फेलसेफ मेनूत जाऊन स्वतः सेट करा, सिग्नल तुटला की दोन्ही मोटरी शून्यावर. मागच्या बाजूला हाताने दाबता येईल असा लाल बंद-बटणही हवाच. समोर लहान मुलं बसलेली असतात आणि ७८ किलो त्यांच्याकडे जात असतात. देखाव्याच्या दहाही रात्री मी त्या बटणापासून दोन पावलांवर उभा होतो, आरतीलासुद्धा जागा सोडली नाही.

डावा पट्टा आता १०७ कड्यांवर चालतोय. तेलाची कुपी शिलाई मशीनच्या खणात परत गेली. प्रत्येक फेरीनंतर टायरच्या दुकानातली हवा मारून सांधे साफ करतो आणि दहा कड्यांची लांबी वहीत लिहितो. सहा तासांनंतर २३०.३ आहे. स्कर्ट प्लेट्स काढून ठेवल्यात. दिसायला उघडा वाटतो, पण पट्टा किती लोंबतोय ते दिसतं.

उजवीकडे अजून स्पोकच आहेत, २३२.६ वर. दोन्ही पट्ट्यांचं पिनांमधलं अंतर वेगळं असल्यामुळे सरळ जाताना किंचित ओढतो, रिमोटवर ट्रिम देऊन चालवतोय, आणि ती बाजू होईपर्यंत जागेवर वळवायचा नाही असं पोरांना सांगून ठेवलंय. उजव्या पिनांचे पंधराशे पुढच्या पगाराला.